सदऱ्यावरची शिवी

पुणे

चि. बाळ यास,

तुमच्या गावात ज्या पुढाऱ्याचे निशाण जवळजवळ प्रत्येक अंगणात फडकते, त्याच्या नावामागे अश्लील शिवी छापलेला सदरा घालून तू बाजारात गेलास, गल्ल्यावरच्या वृद्ध बाईने पैसे मोजताना मान वर केली नाही, आणि गेल्या हिवाळ्यात न सांगता तुझ्या दारातले बर्फ उपसणाऱ्या शेजाऱ्याने त्या दिवसापासून बोलणे टाकले, हा मजकूर तू काहीशा अभिमानाने लिहिला आहेस. आणि शेवटी, मी माझा हक्क बजावला यात गैर काय, असे विचारले आहेस.

हक्काविषयी वाद नाही. 1968 च्या एप्रिलमध्ये पॉल रॉबर्ट कोहेन हा तरुण, सक्तीच्या सैन्यभरतीला उद्देशून ग्राम्य शिवी लिहिलेले जाकीट घालून लॉस एंजेलिसच्या न्यायालयाच्या इमारतीत हिंडला म्हणून त्याला 30 दिवसांची सजा झाली, आणि 1971 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती 5 विरुद्ध 4 मतांनी रद्द ठरविली. परंतु त्या खटल्याच्या दप्तरातील एक बारीक नोंद मला निकालाइतकीच बोलकी वाटते: न्यायाधीशांच्या दालनात शिरताना त्याने ते जाकीट उतरवून, घडी करून हातावर घेतले होते. व्हिएतनाम युद्धाविषयीचा त्याचा संताप उंबरठ्यावर ओसरला असेल असे मला वाटत नाही. आणि तरीही आज त्या खटल्याची चर्चा निघते तेव्हा ती त्या एका शब्दाची निघते, सैन्यभरतीविरुद्ध त्याचे म्हणणे काय होते हे कोणी विचारीत नाही.

वेषाने मत प्रकट करणे क्षुल्लक आहे, असेही मी म्हणणार नाही. आपल्या सोलापुरात 1930 च्या मे महिन्यात लष्करी कायदा पुकारला गेला तेव्हा गांधी टोपी घालणे हाही अपराध ठरला होता, आणि त्या टोपीवर एक अक्षरही लिहिलेले नसे.

तू सध्या राहतोस त्या मुलखातील दुसरे उदाहरण घे. 1965 च्या डिसेंबरात आयोवा राज्यातील डे मॉइन शहरी 13 वर्षांची मेरी बेथ टिंकर, तिचा भाऊ जॉन व त्यांचा मित्र ख्रिस्तोफर एकहार्ट हे दंडावर काळी फीत बांधून शाळेत गेले, ते व्हिएतनाममध्ये उभय पक्षांकडून पडलेल्यांचा शोक करण्यासाठी आणि नाताळात युद्ध थांबावे ही मागणी उचलून धरण्यासाठी. शाळेने त्यांना घरी धाडले, धमक्या आल्या, टिंकरांच्या घरावर लाल रंग फेकला गेला. तेव्हा सौम्यपणाने वागले म्हणजे त्रास चुकतो, असल्या भ्रमात तू राहू नकोस. फरक आहे तो असा, की फीत पाहणाऱ्याला ‘ही कशासाठी?’ असे विचारावेसे वाटते आणि मग उत्तर देण्याची संधी मिळते. शिवी वाचणाऱ्याला विचारण्याजोगे काही उरतच नाही. ज्याच्या पाठीशी संख्या नाही त्याला ऐकून घेणारे मुळात थोडे, आणि त्यांतल्या प्रत्येकाला तू तोंड फिरविण्याची आयती सबब दिलीस. त्या गल्ल्यावरच्या बाईला तर जागा सोडून जाण्याचीही मुभा नव्हती.

मला अधिक चिंता वाटते ती तुमच्या गावातील तुझ्याच मताच्या त्या दोन-चार कुटुंबांची, ज्यांचा उल्लेख तू ‘भित्री माणसे’ असा केला आहेस. तू पदवी घेऊन निघून जाशील. त्यांना मात्र तेथेच दुकान चालवायचे आहे, मुले त्याच शाळेत धाडायची आहेत, आणि यापुढे त्यांनी काही मुद्दा काढला की लोकांच्या डोळ्यांसमोर तुझा सदरा येईल. त्यांना न विचारता तू त्यांच्या वतीने बोललास, हे मला फार लागले.

मत लपव असे मी सांगत नाही. साधा, शिवीविरहित बिल्ला खुशाल लाव. कोणी अडवले तर मागे हटू नकोस. मात्र येत्या रविवारी त्या शेजाऱ्याकडे स्वतः जा, बर्फाबद्दल राहिलेले आभार मान, आणि त्या पुढाऱ्याचे कोणते धोरण तुला अन्यायाचे वाटते व का, हे त्यांना स्वच्छ शब्दांत सांग. ते काय म्हणतात तेही पुरते ऐकून घे आणि मला सविस्तर लिही.

कळावे.

तुझा,
काका