महिना झाला, काटा हलेना

जळगावच्या एका ताईंनी लिहिलंय: जानेवारीत कॉलनीजवळच्या हॉलमध्ये झुंबाचा क्लास सुरू झाला. तीन महिन्यांची फी एकदम भरली, नवे बूट घेतले. महिना झाला तर वजन अर्धा किलो वाढलंच. गुडघे कुरकुरतात. शिकवणाऱ्या मॅडम गाणी लावून पुढे नाचतात, मागच्या रांगेत कोण काय करतंय याकडे त्यांचं लक्ष नसतं. क्लास सोडू का?

ताई, तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकात एक मिसळल्या आहेत. एक वजनाची, दुसरी शिकवण्याची. वजनाचा दोष क्लासवर टाकू नका. शिकवण्याचा मात्र खुशाल टाका.

वजनाचा हिशेब आधी पाहू. साठ-पासष्ट किलोची बाई तासभर बऱ्यापैकी जोरात नाचली तर साधारण 350 कॅलरी खर्च होतात. एक किलो चरबी उतरायला सुमारे 7,700 लागतात. आठवड्यातून तीन दिवसांचा क्लास धरला तर महिन्याकाठी अर्ध्या किलोच्या जरा पुढे मजल जाते, आणि तीही जेवण होतं तेवढंच राहिलं तर. आता खानदेशात जानेवारीत जेवण तेवढंच राहतं का, हे तुम्हीच सांगा. शेतात भरीत पार्ट्या, काड्यांवर भाजलेली वांगी, वर तेलाचा तवंग आणि सोबत कळण्याच्या पुऱ्या. वांग्याचा यात काही गुन्हा नाही, तेलाचा आणि पुऱ्यांचा आहे. क्लास सुटल्यावर सगळ्या मिळून कचोरी आणि साखरेचा चहा होत असेल, तर तासाभराची कमाई तिथल्या तिथेच उडते. शिवाय नव्याने व्यायाम सुरू केला की स्नायू थोडं पाणी धरून ठेवतात. तुमचा अर्धा किलो त्यातलाही असू शकतो.

मग व्यायामाने साधतं तरी काय? चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक भारतीय अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसांना नुसता सल्ला देऊन सोडलेल्या गटात तीन वर्षांत 100 पैकी 55 जणांना मधुमेह झाला. ज्यांना चालणं आणि आहाराची शिस्त लावली, त्यांच्यात हे प्रमाण 39 वर आलं. आणि गंमत म्हणजे त्यांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. आपल्याकडे घरटी एक साखरेची गोळी असते, तेव्हा हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. वजनकाटा माळ्यावर टाका आणि शिंप्याची टेप काढा. कमरेचा घेर बायकांनी 80 सेंटीमीटरच्या आत आणि पुरुषांनी 90 च्या आत ठेवायचा. दुसऱ्या मजल्यावर चढून गेल्यावर किती धाप लागते तेही पाहा. एचबीए1सी तपासायची तर तीन महिन्यांनी तपासा. ती चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांचीच साखर सांगते, त्यामुळे महिन्यात करून पैसे वाया जातील.

आता मॅडमकडे वळू. चांगला शिकवणारा पहिल्याच दिवशी विचारतो: बीपी आहे का, गुडघा-कंबर दुखते का, बाळंतपण किंवा ऑपरेशन अलीकडे झालंय का. हे विचारलंच नसेल तर तुम्ही स्वतः जाऊन सांगा. सुरुवातीची आठ-दहा मिनिटं अंग तापवायला हवीत आणि शेवटची पाच निवायला. तुमच्या हॉलमध्ये फरशी असणार, तिच्यावर उड्या मारल्या की गुडघा बोलणारच. उडीऐवजी पाऊल टाका, ताल तोच ठेवा. नाचताना दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत; बोलणंच बंद झालं तर जोर जास्त होतोय. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या ठणकल्या तर घाबरू नका, ते आपोआप जातं. गुडघा सुजला, जिना उतरताना कळ आली, तर मात्र थांबा आणि दाखवून घ्या. आणखी एक उणीव अशा बहुतेक क्लासमध्ये असते: ताकदीचा व्यायाम नसतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणाराही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं हे घरी सुरू करा, गुडघ्याचीही कुरकुर कमी होईल.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या बायका दार लोटून, आवाज खाली करून सांगतात. उडी मारली की लघवी सुटते. कितीतरी जणी क्लास 'आवडला नाही' म्हणून सोडतात, त्याचं खरं कारण हे असतं. लाजायचं काही नाही. बाळंतपणानंतर आणि पाळी जाण्याच्या वयात ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो, तेच पाच-सहा सेकंद आवळायचे आणि सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मध्येच थांबवून हा सराव करू नका. साधारण तीन महिन्यांत फरक पडतो. न पडल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. तोवर उड्यांच्या गाण्याला खुशाल जागेवर चाला.

फी भरलीच आहे, तर तीन महिने पुरे करा. मॅडमनी सांगूनही ऐकलं नाही तर उरलेले पैसे सोडा आणि मेहरूण तलावावर मैत्रिणी जमवून भरभर चाला. तिथे फी नाही आणि फरशीही नाही.

दुसरं पत्र धुळ्याहून, देवपुरातल्या एका निवृत्त काकांचं. त्यांची तक्रार उलटी. त्यांनी स्वतःच सकाळचा व्यायामवर्ग काढला. व्हॉट्सॲपच्या गटात चाळीस जण, मैदानावर सहा. काका, मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी 1995 मध्ये बागेत हास्य क्लब सुरू केला तेव्हा पहिल्या दिवशी पाच जण होते. तुमच्याकडे एक जास्तच आहे! पुढे तिथे विनोद संपले, काहींना ते झोंबू लागले, लोक कंटाळले. तेव्हा त्यांनी विनोदच काढून टाकले आणि विनोदाशिवाय हसायची रीत बसवली. म्हणजे कार्यक्रम बदलला, माणसं नाही. न येणाऱ्या चौतिसांना रोज 'गुड मॉर्निंग' पाठवण्यापेक्षा येणाऱ्या सहांना विचारा, वेळ जमते का, जमिनीवर बसता येतं का. कदाचित निम्म्यांना खुर्ची लागेल.

आणि एप्रिल-मे महिन्यांचं आत्ताच ठरवा. आपल्याकडे पारा 44-45 ला टेकतो. त्या दिवसांत ऊन चढायच्या आत वर्ग संपला पाहिजे. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन घेणारे तुमच्या सहांत कोण आहेत ते विचारून ठेवा. त्यांनी उपाशीपोटी यायचं नाही, आणि तुमच्या पिशवीत साखरेची पुडी असू द्या. हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला तर लगेच तीन चमचे पाण्यातून द्या, पण माणूस शुद्धीवर असेल तरच. छातीत दाब किंवा डाव्या हातात कळ असेल तर साखर नाही, ॲसिडिटीची गोळीही नाही. खाली बसवून 108 ला फोन.