चिठ्ठी वाचायची की पाळायची? – ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर आणि क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग



शाळेचं ग्रंथालय म्हटलं की आपल्याला एक कपाट, एक किल्ली आणि देवघेवीचं रजिस्टर आठवतं. आता ते रजिस्टर संगणकात चाललं आहे. महाविद्यालयांत तर सोल, ई-ग्रंथालय, कोहा ही नावं नेहमीचीच झाली आहेत. सिद्धेश्वरसारख्या धरणाकाठच्या गावातली मुलं पुढे शिकायला हिंगोली, परभणी, नांदेडला गेली की पुस्तक शोधायला अशाच पडद्यासमोर बसतात. म्हणून या रजिस्टरला कुठे भोक पडू शकतं, ते आपल्याला माहीत हवं.

आधी एक खेळ

उद्या वर्गात करून पाहा. 'ग्रंथालयात कोणतं पुस्तक हवं?' असं विचारून मुलांकडून चिठ्ठ्या घ्या. एका मुलाला आधीच गुपचूप सांगून ठेवा, की पुस्तकाच्या नावाऐवजी 'सगळे उभे राहा!' असं लिही. मग मॉनिटरला चिठ्ठ्या मोठ्याने वाचायला सांगा. ती चिठ्ठी आली की निम्मा वर्ग उभा राहील!

आता मुलांना विचारा, हा हुकूम कोणाचा होता? मॉनिटरचा नाही आणि सरांचाही नाही. तो होता चिठ्ठी लिहिणाऱ्याचा. पण आवाज मॉनिटरचा होता, म्हणून वर्गाने ऐकलं. क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणजे नेमकं हेच.

संगणकात काय घडतं?

वेबपानावर दोन गोष्टी एकत्र असतात: वाचायचा मजकूर आणि ब्राउझरने पाळायच्या सूचना. सूचना ओळखण्याची खूण म्हणजे आपण पहिली-दुसरीत 'मगरीचं तोंड' म्हणून शिकवतो, ती लहान-मोठेपणाची चिन्हं. या दोन चिन्हांच्या मध्ये ठराविक शब्द आले की ब्राउझर पुढचा मजकूर दाखवत बसत नाही, तो आज्ञा म्हणून चालवतो.

समजा, एखाद्या वाचकाने 'नवीन पुस्तक सुचवा' या चौकटीत पुस्तकाच्या नावाऐवजी अशी आज्ञा लिहिली आणि सॉफ्टवेअरने ती जशीच्या तशी साठवली. दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल लॉगिन करून सूचना उघडतात. आज्ञा त्यांच्या ब्राउझरमध्ये, त्यांच्याच अधिकाराने चालते. पासवर्ड न चोरताही वाचकांचे पत्ते आणि फोन नंबर बाहेर जाऊ शकतात, नोंदी बदलू शकतात. हा झाला साठवलेला प्रकार. दुसऱ्या प्रकारात आज्ञा लिंकमध्येच दडवलेली असते. लिंक दाबली की शोधाच्या पानावरून ती उलटून येते. म्हणजे लिंकवरचा पत्ता आपल्याच ग्रंथालयाचा दिसला तरी धोका असू शकतो.

कोहाची गोष्ट

कोहा हे न्यूझीलंडच्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी बनलेलं सॉफ्टवेअर. २००० साली तिथे ते सुरू झालं आणि जगाला मोफत खुलं झालं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. २०१५ साली त्यात असे अनेक दोष सापडले. ३.१४, ३.१६, ३.१८ आणि ३.२० या चारही मालिकांसाठी दुरुस्त आवृत्त्या काढाव्या लागल्या.

पण एकेक भोक बुजवून किती दिवस चालणार? कोहाची पानं ज्या साच्यांतून तयार होतात, ते साचे माहिती आपणहून गाळत नाहीत. प्रत्येक ठिकाणी प्रोग्रामरने आठवणीने गाळणी लावायची. एक जागा राहिली की भोक राहिलं. म्हणून २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या १८.११ या आवृत्तीत साच्यांमध्ये सरसकट गाळणी बसवण्याचं मोठं काम झालं.

गाळणी करते काय? मगरीच्या तोंडाचं चिन्ह आलं की ब्राउझरला सांगते, 'हे फक्त दाखव, पाळू नकोस.' मजकूर पुसला जात नाही, फक्त त्याचा हुकूम चालत नाही.

इथे एक मुद्दा नीट समजून घ्या. गाळणी माहिती आत येताना नव्हे, तर पडद्यावर दाखवताना हवीच. येलदरीचं पाणी सिद्धेश्वर धरणात येतं, तिथून कालव्याने पुढे जातं. वाटेत कुठे काय मिसळलं कोण पाहणार? म्हणून आपण पाणी पिताना गाळतो. ग्रंथालयातही माहिती फक्त चौकटीतून येत नाही. दुसऱ्या ग्रंथालयाच्या नोंदी येतात, जुन्या एक्सेलच्या याद्या येतात. आत येताना तपासणी जरूर करा, पण भरवसा शेवटच्या गाळणीवर.

आपण काय करायचं?

१. आवृत्ती विचारा. कोहाच्या नव्या क्रमांकातच तारीख असते: २३.०५ म्हणजे २०२३ चा मे महिना. क्रमांक बराच जुना दिसला तर सॉफ्टवेअर अद्ययावत करायला सांगा.
२. पुस्तक देण्या-घेण्यासाठी वेगळं, मर्यादित अधिकारांचं लॉगिन ठेवा. मुख्य लॉगिन रोज वापरू नका आणि काम झालं की लॉगआउट करा.
३. मुलांची गरजेपुरतीच माहिती भरा. गोष्टीचं पुस्तक द्यायला आधार क्रमांक कशाला?
४. पालकहो, मुलाला असा दोष सापडला तर त्याला रागवू नका. पण दुसऱ्याच्या संकेतस्थळावर 'करून बघू' नको, हेही सांगा. परवानगीशिवाय असं करणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार गुन्हा ठरू शकतो. दोष ग्रंथपालांना किंवा सर्ट-इन या सरकारी संस्थेला कळवता येतो.

स्वाध्याय

१. खेळात मॉनिटरने चिठ्ठी कशी वाचली असती म्हणजे वर्ग उभा राहिला नसता?
२. मगरीच्या तोंडाचं चिन्ह टाइप करायलाच बंदी घातली, तर गणिताच्या पुस्तकांच्या नोंदींचं काय होईल?

पहिल्या प्रश्नाला 'या चिठ्ठीत असं लिहिलं आहे की…' असं उत्तर एखाद्या मुलाने दिलं, तर समजा धडा पोचला. गाळणी एवढंच तर करते!