फवारणीनंतर छातीत पाणी : दोष हृदयाचा नसतो

बुलडाणा जिल्ह्यात कपाशी-सोयाबीनवर फवारणी सुरू झाली, की पंप बहुधा रोजमजुराच्या पाठीवर असतो. म्हणून हा धडा प्रत्येक घरात माहीत हवा.

फवारून आलेल्या माणसाला मळमळ, उलटी, दरदरून घाम, तोंडाला लाळ-फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि छातीत घरघर दिसली, तर ती विषबाधा समजा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-मजूर गेले. त्यांनी विष प्यायले नव्हते. ते कातडीतून आणि श्वासातून अंगात गेले होते.

पाणी येते कुठून?
हृदय कमजोर झाले, की रक्त मागे तुंबून फुप्फुसात पाणी उतरते. तेव्हा लघवी वाढवणारे इंजेक्शन कामी येते. इथे तसे नसते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस यांसारखी औषधे शरीरातले कोलिनेस्टरेज बंद पाडतात. मग श्वासनलिकेच्या ग्रंथी पाझरतच राहतात आणि माणूस आतल्या आत बुडतो. लघवी वाढवून हे पाणी हटत नाही.

उपचार
ऑक्सिजन, नळीने स्राव ओढणे आणि ॲट्रोपिन. मोठ्या माणसाला १ ते ३ मिलिग्रॅम शिरेतून देतात. ५ मिनिटांनी तपासून फरक नसेल तर मात्रा दुप्पट करतात. छाती मोकळी होणे, नाडी ८० च्या वर आणि वरचे बीपी ८० च्या वर जाणे, ही खूण. पुढे सलाईनमधून चालू ठेवतात. म्हणून खूप इंजेक्शने फुटली, तर घाबरू नका. रुग्ण बडबडू लागला, अंग तापले, तर लगेच नर्सला सांगा. मात्रा कमी करावी लागते.

घरी काय करावे?
– भिजलेले कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा. धुणाऱ्याने हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालावी.
– मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. डाव्या कुशीवर झोपवा.
– १०८ ला फोन करा. औषधाची बाटली सोबत न्या; डॉक्टरांना नाव कळले पाहिजे.

बरे वाटले म्हणून दुसऱ्या दिवशी सुट्टी मागू नका. १ ते ४ दिवसांत मान उचलता न येणे, श्वास मंदावणे असे होऊ शकते. तेव्हा व्हेंटिलेटर लागतो. मजुरी बुडेल, पण माणूस वाचेल.

आणि मालकाला ठणकावून सांगा : मोजे, मास्क, चष्मा दिल्याशिवाय पंप पाठीवर घेणार नाही.