हवामानाच्या नोंदींचा सर्व्हर : उभारणी आणि बिघाडाचा शोध

संगणक दुरुस्तीचे काम जाणणारे तरुण आता तालुक्याच्या प्रत्येक गावात आहेत. परंतु त्यातील बहुतेकांचे काम छपाईयंत्र, मोबाईल आणि विंडोज पुन्हा घालून देणे एवढ्यावरच थांबते. याच हुन्नराला थोडी जोड दिली, तर शाळा-महाविद्यालये, कृषी संस्था आणि मोठे बागायतदार यांच्याकडे वर्षभराचे देखभालीचे काम मिळू शकते. हवामान केंद्राच्या नोंदी साठविणारा सर्व्हर हे असेच एक काम होय.

रिद्धपूर परिसरात याचे महत्त्व

लीळाचरित्रामुळे मराठी वाचकाला परिचित असलेले रिद्धपूर मोर्शी तालुक्यात आहे. २०२४ साली येथे मराठी भाषा विद्यापीठाचे कामकाज सुरू झाले. मोर्शी-वरुडचा सारा पट्टा संत्र्याचा आहे. संत्रा बागायतदाराचा फळपीक विमा हवामानाच्या आकड्यांवर ठरतो. तापमान किंवा पाऊस ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तरच भरपाई मिळते. त्यासाठी आधार धरला जातो तो नेमून दिलेल्या केंद्राच्या नोंदींचा. राज्यात २०१७ पासून महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली ती याच गरजेतून. आपल्या परिसरात बसविलेल्या खाजगी केंद्राचा आकडा विमा कंपनीवर बंधनकारक नसतो, हे ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगावे. मात्र फवारणी, ओलित आणि ताण यांचे निर्णय घेण्यासाठी, तसेच सरकारी आकडा पडताळून पाहण्यासाठी, आपली नोंद फार उपयोगी पडते. अट एकच, नोंद खरी असली पाहिजे.

मांडणी

या यंत्रणेचे चार भाग असतात. पहिला भाग पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजणारी उपकरणे. दुसरा डेटा लॉगर, म्हणजे ठराविक मिनिटांनी आकडे टिपून आपल्या स्मृतीत ठेवणारी पेटी. तिसरा सर्व्हर, जो लॉगरकडून आकडे घेऊन साठवितो. चौथा भाग परिसराचे नेटवर्क, ज्यावरून ग्रंथालयातील किंवा प्रयोगशाळेतील संगणकावर ते आकडे दिसतात.

सर्व्हरसाठी महागडे यंत्र लागत नाही. लिनक्स घातलेला जुना संगणक किंवा लहान बोर्ड-संगणक पुरतो. वीडब्ल्यूएक्ससारखी विनामूल्य प्रणाली अनेक प्रकारच्या केंद्रांशी बोलते, आकडे साठविते आणि आलेखही काढते.

पर्जन्यमापक झाड किंवा भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर ठेवावा. तापमापक सावलीच्या, हवा खेळत्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर असावा. सिमेंटच्या गच्चीवर तो बसविला तर आकडा गच्चीचा मिळतो, गावाचा नाही.

केबलचे अंतरही पाहावे. आरएस-२३२ जोडणी साधारण १५ मीटरपर्यंत भरवशाची असते, आरएस-४८५ सुमारे १,२०० मीटरपर्यंत चालते आणि इथरनेटच्या तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे. दोन इमारतींमध्ये शक्यतो ऑप्टिकल फायबरच टाकावी. पावसाळ्यापूर्वीच्या वादळात वीज कोसळली, तर तांब्याच्या तारेतून आलेला झटका दोन्ही टोकांची यंत्रे जाळतो. फायबरमधून तो येत नाही.

सर्व्हरला नेहमी कायमचा पत्ता द्यावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.२०. हा पत्ता नेटवर्क सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडून लेखी घ्यावा आणि आपोआप वाटल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या यादीतून तो वगळून ठेवावा.

बिघाड शोधण्याचा क्रम

“आकडे दिसत नाहीत” अशी तक्रार आली की नवशिका कारागीर प्रथम प्रणाली पुन्हा घालतो. हे चुकीचे आहे. खालून वर, एकेक पायरी तपासत जावे.

१. वीज : लॉगर व सर्व्हर चालू आहेत काय? सौर पट्टीवर धूळ आहे काय? बॅटरीचा दाब मोजावा.

२. लॉगर ते सर्व्हर : शेवटची नोंद कोणत्या वेळेची आहे ते पाहावे. नोंदी ताज्या असतील तर दोष नेटवर्ककडे आहे. नोंदी थांबल्या असतील तर केबल, जोडणीचा वेग आणि डिस्क तपासावी. डिस्क भरली की नवीन नोंद लिहिली जात नाही, आणि जुनी पाने मात्र दिसत राहतात.

३. पत्ता : सर्व्हरवरून प्रथम गेटवेला पिंग करावे, नंतर दुसऱ्या संगणकावरून सर्व्हरला करावे. भारनियमनानंतर सर्व्हर ‘हरवला’ तर बहुधा त्याचा पत्ता बदललेला असतो. कधी लागतो, कधी लागत नाही, असे असेल तर तोच पत्ता दुसऱ्या यंत्रालाही दिला गेल्याची शंका घ्यावी.

४. सेवा व फायरवॉल : पिंग चालते, सर्व्हरवर पान उघडते, पण दुसऱ्या संगणकावर उघडत नाही, अशा वेळी दोन कारणे संभवतात. एक तर फायरवॉलने पोर्ट अडविले आहे, किंवा सेवा फक्त १२७.०.०.१ या घरातल्या घरातल्या पत्त्यावर ऐकत आहे. फायरवॉल सरसकट बंद करू नये, लागणारे पोर्ट तेवढेच परिसरापुरते उघडावे.

घड्याळाची चूक

सर्वांत घातक बिघाड तो, ज्यात सर्व काही चालू दिसते पण आकडा चुकीच्या तारखेला पडतो. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या सकाळी ८.३० असा धरतात, आणि बेरीज ज्या सकाळी मोजली त्या तारखेला लिहितात. सकाळचे ८.३० म्हणजे जागतिक वेळेनुसार ३.००. प्रणाली मात्र बहुधा मध्यरात्री दिवस बदलते. तिचे घड्याळ जागतिक वेळेवर राहिले असेल, तर दिवस आपल्या पहाटे ५.३० ला बदलतो.

समजा, १० तारखेला सकाळी ६ ते ८ या वेळात ३८ मिलिमीटर आणि दुपारी ३२ मिलिमीटर पाऊस झाला. मध्यरात्रीच्या हिशेबाने १० तारखेला ७० मिलिमीटर होतात, म्हणजे अतिवृष्टीची ६५ मिलिमीटरची मर्यादा ओलांडली. साडेआठच्या हिशेबाने मात्र १० तारखेला ३८ आणि ११ तारखेला ३२, म्हणजे एकाही दिवशी अतिवृष्टी नाही. पाऊस तोच, पण कागद वेगळा. हा फरक न समजता शेतकरी तक्रार घेऊन गेला तर त्याची फेरी वाया जाते. म्हणून बेरीज ८.३० ची लावावी आणि पानावर तसे लिहावे.

लहान बोर्ड-संगणकांत बहुधा घड्याळाची बॅटरी नसते, आणि जुन्या संगणकातील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. वीज जाऊन आली की वेळ भलतीच होते. बॅटरी बदलावी आणि वेळ परिसरातील वेळ-सर्व्हरशी जुळवावी.

पर्जन्यमापकाची परीक्षा

२० सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्याचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर असते. त्यावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३१४ मिलिलिटर पाणी. तळाला बारीक छिद्र पाडलेल्या बाटलीतून एवढे पाणी अर्ध्या तासात थेंबथेंब सोडावे. ०.२ मिलिमीटरला एकदा कलणारी वाटी ५० वेळा कलली पाहिजे. ४५ वेळाच कलली तर केंद्र दहाला नऊ दाखवीत आहे. जाळीतील पाने, कोळ्याची जाळी व माती काढून परीक्षा पुन्हा घ्यावी. ही परीक्षा कोणत्या वेळी घेतली ते लिहून ठेवावे आणि ते पाणी पावसाच्या बेरजेतून वगळावे.

देखभाल करणाऱ्यासाठी

यूपीएस, आठवड्याला एकदा दुसऱ्या यंत्रावर नोंदींची प्रत आणि एक साधी नोंदवही, या तीन गोष्टी करारातच लिहून घ्याव्यात. दुवा तुटला तरी लॉगरच्या स्मृतीतून मधल्या नोंदी परत आणता येतात, म्हणून दुरुस्तीच्या घाईत लॉगर पुसू नये. स्मृतीतही नोंद नसेल तर ती जागा रिकामीच ठेवावी. शेजारच्या दिवसावरून अंदाजाने आकडा भरणे म्हणजे दुकानदाराने वजनमापात खोट करण्यासारखेच आहे. रिकाम्या जागेचे कारण सांगता येते. खोटा आकडा एकदा सापडला की आधीचे सगळे खरे आकडेही संशयात येतात, आणि त्याबरोबर आपला धंदाही.