पंधरा वर्षांनंतरची माणसे

एखाद्या राष्ट्रीय सेवेला पंधरा वर्षांनी किती माणसे लागतील, हे आज कसे ठरवावे? ह्या प्रश्नाच्या अभ्यासासाठी आम्ही इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचे उदाहरण घेतले आहे. आपल्या देशातील अनेक डॉक्टर व परिचारिका तेथे नोकरीस असल्यामुळे तिचा हिशेब आपल्याही उपयोगाचा आहे.

ही सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. तिचा खर्च मुख्यतः करांतून भागतो. २०२१-२२ साली तिच्याकडे सुमारे १४ लाख कर्मचारी होते. तरी मार्च २०२३ मध्ये १ लाख १२ हजारांहून अधिक जागा रिकाम्या होत्या. त्याच वर्षी जूनमध्ये सेवेने पंधरा वर्षांचा मनुष्यबळ आराखडा प्रसिद्ध केला. पंचाऐंशी वर्षांवरील लोकांची संख्या २०३७ पर्यंत ५५ टक्क्यांनी वाढेल, हे त्यातील एक गृहीत होते. २०३६-३७ पर्यंत कर्मचारी २२ ते २३ लाखांवर न्यावे लागतील, आणि काहीच न केल्यास २ लाख ६० हजार ते ३ लाख ६० हजार माणसे कमी पडतील, असा हिशेब निघाला.

इतकी मोठी तूट नुसत्या जाहिराती देऊन भरत नाही. डॉक्टर तयार व्हावयास पदवीचीच पाच-सहा वर्षे जातात. तज्ज्ञ होण्यास त्याहून अधिक. म्हणून वैद्यकीय शिक्षणाच्या जागा २०३१-३२ पर्यंत दुप्पट करून १५,००० कराव्यात, आणि परदेशांतून होणारी भरती सुमारे एक चतुर्थांशावरून दहा टक्क्यांच्या आसपास आणावी, असे त्यात सुचविले होते.

पुढे सरकार बदलले. जुलै २०२५ मध्ये नव्या सरकारने दहा वर्षांची योजना मांडली. नवी यंत्रसाधने आणि रुग्णालयाबाहेरील उपचार ह्यांवर भर देऊन, २०३५ साली पूर्वीच्या अंदाजापेक्षा कमी माणसे असतील, असे तीत म्हटले. परदेशी भरती मात्र दहा टक्क्यांखाली आणण्याचे धोरण तिनेही स्वीकारले. गृहीते बदलली, तसे उत्तर बदलले. बाहेरच्या माणसांविषयीचा कल बदलला नाही.

कर्ज काढून मुलामुलींना तिकडच्या नोकरीसाठी शिकविणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे, अशी आमची विनंती आहे. आजच्या रिकाम्या जागा आज शिकून तयार असलेल्यांसाठी आहेत. आपली मुलगी पदवी घेऊन बाहेर पडेल, त्या सालचा हिशेब पाहूनच पैसा गुंतवावा. आणि ती जे शिकेल ते आपल्या गावीही उपयोगी पडेल, एवढे आधी पाहून घ्यावे.