भिरकावलेली आर्टरी

मिरज,
आषाढातला पहिला रविवार

चि. बंड्या यास,


आर्टरी फोर्सेप्स आपणहून उडत नाही, ती कुणीतरी भिरकावावी लागते. तू भिरकावलीस, ती सिस्टरच्या पायाशी जाऊन पडली, आणि ही बातमी तुझ्या ओटीतून माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत यायला दोन दिवसही लागले नाहीत. सर्जन लोकांचं जग फार लहान असतं, बाबा. तुझ्या आईला यातलं काही ठाऊक नाही. तिची तक्रार वेगळी आहे: तीन आठवडे तुझा फोन नाही. दोन्ही तक्रारी एकाच माणसाबद्दल असल्यामुळे एकाच पत्रात उरकते.

मी साळसूद आहे असं समजू नकोस. पस्तीस वर्षं ओटीत उभी राहिले, मीही वस्तू फेकल्या आहेत. एकदा किडनी ट्रे फेकला, तर आमच्या वॉर्डबॉयने तो शांतपणे उचलला, धुतला आणि विचारलं, "मॅडम, आतल्या खोलीत आणखी दोन आहेत, आणू?" त्या दिवशी मला जी लाज वाटली तिच्यापुढे परीक्षेतलं नापास होणं काहीच नाही.

रागावरूनच एका सर्जनची गोष्ट सांगते. मांडीतला हंटर्स कॅनाल तू पाठ केलास, व्हायव्हात सांगितलास आणि विसरून गेलास. ज्याचं नाव त्याला दिलं तो जॉन हंटर मला आमच्या सरांनी भेटवला. सर एरवी शब्द मोजून वापरायचे, पण हंटरचा विषय निघाला की राऊंड अर्धा तास लांबायचा. स्कॉटलंडमधल्या ईस्ट किलब्राइडजवळच्या एका शेतघरातलं हे १७२८ सालचं शेंडेफळ, दहा भावंडांतलं धाकटं. शाळेत मन रमलं नाही, लिहिणं जन्मभर ओबडधोबडच राहिलं. विसाव्या वर्षी तो लंडनला थोरल्या भावाच्या शरीररचनेच्या शाळेत मदतनीस म्हणून गेला. भावाने त्याच्यापुढे एक हात ठेवला आणि म्हणाला, कर याचं विच्छेदन. पोराला आपली शाळा तिथे सापडली.

वल्ली म्हणावी तर अशी. लंडनबाहेर अर्ल्स कोर्टला त्याचं घर होतं, आणि त्या आवारात बैल, बिबटे, पक्षी, मधमाश्या, सगळं गोकुळ. राणीने दिलेल्या छोट्याशा बैलाशी झुंजताना एकदा हा खाली पडला. दोन बिबटे सुटून कुत्र्यांशी भिडले, तेव्हा याने धावत जाऊन त्यांना नुसत्या हातांनी धरलं आणि परत कोंडलं. आपण काय केलं हे कळल्यावर मात्र हातपाय गळाले. शहरातल्या घरात जिराफ मावेना, तर त्याचे पाय गुडघ्यात कापून दिवाणखान्याबाहेर उभा केला होता. कोंबड्याच्या तुऱ्यात माणसाचा दात रुजवून पाहिला. तो नमुना लंडनच्या संग्रहालयात अजून आहे. नाचताना स्वतःचं अकिलिस टेंडन तुटलं, तर ते कसं जुळतं याचाच अभ्यास सुरू केला. (तो वारला त्याच्या पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १७९४ मध्ये, लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक हकीगत छापून आली. कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक पुण्याकडच्या एका वीट घडवणाऱ्याने कपाळाच्या कातडीतून नवं करून दिलं होतं. हंटर जिवंत असता तर पहिल्या जहाजाने इकडे निघाला असता आणि तो वीटकरी पुढे आयुष्यभर पाहुणचाराने हैराण झाला असता.)

आता घर. बायको ॲन कविता लिहायची. हायडनने तिच्या कवितांना चाली लावल्या. लेस्टर स्क्वेअरच्या वाड्यात पुढच्या दाराने लेखक, संगीतकार, बडी मंडळी यायची आणि मागच्या गल्लीतल्या दाराने प्रेतं. एकदा हा दमून घरी आला तर बैठक पाहुण्यांनी भरलेली. मला याची कल्पना दिली नव्हती, मला अभ्यास करायचाय, तरी आपण निघावं, असं त्याने सगळ्यांना सांगितलं म्हणे. आणि हायडनच्या नाकात कोंब होता, तो काढायची याला कोण हौस! एक दिवस बोलावून घेतलं आणि दोन-चार धटिंगणांकरवी खुर्चीत दाबून बसवायला लावलं. हायडनने लाथा झाडत असा आरडाओरडा केला की शेवटी सोडून द्यावं लागलं. कोंब हायडनच्या नाकातच राहिला. हसू येतं, पण संमती घेणं म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगली गोष्ट मला ठाऊक नाही.

शिष्यांवर मात्र जीव. त्यातला एक, एडवर्ड जेन्नर, दोन वर्षं घरातच राहून शिकला आणि पुढे ज्याने देवीची लस दिली तो हाच. तो गावी गेल्यावरही हंटर त्याला पत्रं लिहायचा, हेजहॉग पाठव म्हणायचा, नुसता तर्क करत बसू नकोस, करून पाहा, असं बजावायचा. जेन्नरचं प्रेमप्रकरण फिसकटलं, तर सांत्वन काय केलं? जाऊ दे तिला, मी तुला हेजहॉगच्या कामाला लावतो. कुठल्याही पोराला प्रेमभंगात याहून चांगला गुरू मिळणार नाही.

आता तुझ्या आर्टरीकडे येते. हंटरचा मोठेपणा त्याच्या सुरीत नव्हता. १७६१ मध्ये बेल-ईल बेटावरच्या लढाईत तो सैन्याचा सर्जन होता. तेव्हाची रीत अशी की गोळी लागली की जखम आणखी मोठी करायची आणि आत बोट घालून शोधायचं. काही जखमी फ्रेंच सैनिक मात्र एका शेतघरात लपून राहिले होते, त्यांना दिवसच्या दिवस कुणी हात लावला नव्हता, आणि ते बरे होत होते. हंटरने हे पाहिलं आणि विनाकारण जखम उकरायची नाही असं ठरवलं. १७८५ च्या डिसेंबरात सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये एक घोडागाडीवाला आला, गुडघ्यामागे धडधडणारी गाठ घेऊन. इतर कुणीही पाय तोडला असता किंवा गाठ उघडली असती. याने वर मांडीतली निरोगी धमनी बांधली आणि गाठीला हात लावला नाही. आजूबाजूच्या बारीक वाहिन्या पायाला पोसतील, हे त्याने कितीतरी विच्छेदनांतून ताडलेलं होतं. दीडेक महिन्यात माणूस पायांनी घरी गेला आणि पुन्हा गाडीवर बसला. शस्त्रक्रिया करावी लागणं म्हणजे आपल्या विद्येचं अपुरेपण कबूल करणं, असं हा माणूस म्हणायचा. त्याचा धीर बघ: मधमाश्यांवरचा निबंध १७९२ मध्ये वाचला, तर त्याच्यामागे वर्षानुवर्षांचं निरीक्षण होतं.

हा सगळा धीर जखमांसाठी आणि माश्यांसाठी होता. टेबलापलीकडे बसलेल्या माणसासाठी शिल्लकच राहायचा नाही. छातीत कळ यायची, आणि ती रागाने येते हे त्याला पक्कं माहीत होतं. आपला जीव कुठल्याही खोडसाळ माणसाच्या हातात आहे, कोण कधी डिवचेल सांगता येत नाही, असं तो स्वतःच म्हणायचा. १६ ऑक्टोबर १७९३ ला हॉस्पिटलच्या बैठकीत दोन विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची बाजू मांडत असताना कुणीतरी त्याचं म्हणणं खोडलं. तो न बोलता शेजारच्या खोलीत गेला आणि कोसळला. वय पासष्ट.

त्याहून मला लागतं ते दुसरं. त्याच्या हृदयाला काय झालंय हे जेन्नरने कितीतरी वर्षं आधी ओळखलं होतं, कोरोनरी धमन्या कडक झाल्या असाव्यात हेसुद्धा. पण गुरूला तोंडावर सांगायचं धाडस त्याला झालं नाही. शवविच्छेदनात तेच निघालं. तुझे ज्युनियर तुझ्यातलं काय ओळखून गप्प बसलेत, याचा विचार कर. ज्या दिवशी तू चुकीच्या बाजूला छेद देत असशील, त्या दिवशी ही सिस्टर तोंड उघडेल का? आर्टरी फेकून तू नेमकं तेच बंद केलंस.

घरच्यांचं काय झालं तेही ऐक. मिळकत सगळी नमुन्यांच्या संग्रहात गेलेली, मागे कर्ज. ॲनला पैशांसाठी ओढाताण करावी लागली. सरकारने संग्रह पंधरा हजार पौंडांना विकत घेतला तो १७९९ मध्ये. तोवर विल्यम क्लिफ्ट नावाचा एक तरुण तुटपुंज्या पगारावर त्या बरण्या राखत बसला होता. हंटरची हस्तलिखितं मात्र त्याच्याच मेव्हण्याने पुढे जाळली.

तो संग्रह मी पाहिलाय. तुझ्या काकांबरोबर लंडनला गेले होते तेव्हा. चार्ल्स बर्न या आयरिश राक्षसाचा सांगाडा तिथे उभा होता, सात फुटांहून उंच. मेल्यावर मला समुद्रात सोडा अशी त्याची इच्छा होती असं सांगतात. हंटरने पैसे चारून ते प्रेत मिळवलं. मी मान वर करून पाहत राहिले. काका बाहेर जाऊन पायरीवर बसले, म्हणाले, "त्याला विचारलं होतं का कुणी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०२३ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं तेव्हा तो सांगाडा मांडलेला नव्हता. काका तेव्हा असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

काकांचं निघालं म्हणून सांगते. ताईच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी मी आतड्याच्या परफोरेशनची केस करत होते. ते टळण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी घरी होते आणि तरीही तिला एका शब्दाने विचारलं नाही. ते टळण्यासारखं होतं. त्या घरात कुणी जेवलं, कुणी रुसलं, हे सगळं काकांनी सांभाळलं, आणि माझ्या नावाची पाटी मात्र दवाखान्यावर झळकत राहिली.

उद्या सकाळी ओटी सुरू होण्याआधी सिस्टरकडे जा. "सॉरी सिस्टर" एवढंच म्हण, कारणं देऊ नकोस. ड्युटी लांबली होती, ब्लीडिंग होतं, सहाय्यक नवखा होता, हे तिला ठाऊक आहे, ती तिथेच उभी होती. आणि आईला फोन कर. तिच्याशी बोलताना केस पेपर लिहू नकोस, तिला कळतं.

दिवाळीत ये. मागच्या आंब्यावर मोहोळ लागलंय. शेजारचे धूर करून काढायला निघाले होते, मी काढू दिलं नाही. वर गच्चीतून काकांच्या दुर्बिणीने छान दिसतं. रोज संध्याकाळी तासभर बसते. अजून त्यातलं मला फारसं काही कळलेलं नाही.

तुझी
मावशी