पुरापूर्वी गर्भवतीची तजवीज

सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात कृष्णा व पंचगंगा ह्या नद्यांस महापूर आला, तेव्हा पुणे-बंगळूर महामार्गदेखील कोल्हापुराजवळ कित्येक दिवस बंद होता. ह्यावरून आपण शिकावयाचे ते हे की, वाटेवर पाणी चढल्यावर गर्भवतीस हलविण्याचा विचार करणे म्हणजे फार उशीर होय.

१. आधी काय करावे? ज्यांचे दिवस भरत आले आहेत अशा स्त्रियांची माहिती आशाताईंजवळ असते. पुराची सूचना मिळताच त्यांस प्रसूतीची सोय असलेल्या रुग्णालयाजवळ नेऊन ठेवावे.

२. कोणती लक्षणे दिसताच थांबू नये? रक्तस्राव, झटके, डोळ्यांपुढे अंधारी आणणारी डोकेदुखी, ताप, अथवा पोटातील मुलाची हालचाल मंदावणे. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबला नाही, तर दोन तासांतही प्राण जाऊ शकतो. नवजात बालक अंगावर पीत नसेल, गार पडले असेल किंवा धापा टाकीत असेल, तर त्यासही लागलीच न्यावे. वाटेत त्यास आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे.

३. सोबत काय द्यावे? माता व बाल संरक्षण कार्ड, आणि दुखणे केव्हा लागले व कोणते औषध दिले हे लिहिलेली चिठ्ठी. वाहनासाठी १०२ अथवा १०८ ह्या क्रमांकावर कळवावे.

विचार करण्याजोगे प्रश्न: तुमच्या गावी आज कोणाचे दिवस भरत आले आहेत? ओढ्यास पाणी आले, तर त्या बहिणीस कोणत्या वाटेने न्याल, व सोबत कोण जाईल?